दारात उभं राहून तू जे बोललीस

आई,

त्या दिवशी सकाळी दारात उभं राहून तू मला काहीतरी म्हणालीस. ते मला ऐकू आलं नाही. माझ्या कानांवर हेडफोन होते, समोर ते निळं मशीन होतं, आणि मी मान वर न करता, नुसता हात वर करून, तुला 'थांब' अशी खूण केली. तुझ्या स्वतःच्या गळ्यातून माझ्यासाठी निघालेलं ते शेवटचं बोलणं होतं. पंचवीस वर्षं उलटली आणि मला अजून तेच हवंय. अगदी पदर पसरून मागते म्हण. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'आता कशाला उकरतीस गं?' पण राहवत नाही. पन्नाशी ओलांडली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, नगरचं अहिल्यानगर झालं, आपल्या कोल्हारच्या रस्त्यावर इतकी हॉटेलं झाली की तू वाट चुकशील, आणि माझं घोडं मात्र अजून त्याच दारात अडलंय.

ते मशीन घरात आलं तेव्हा नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी रोज एसटीनं राहुरीला जायचे, टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींना शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्या गायन पार्टीत ऑर्गन वाजवायचे. पार्टी तुझी, गाणी तुझी, ढोलकीवर तुझा धाकटा भाऊ म्हणजे आमचा मामा, आणि मागे कोरसला आपल्याच आळीतल्या चार बायका. जुना ऑर्गन खिळखिळा झाला होता. नगरला एक ऑर्केस्ट्रावाला आपलं सामान विकतोय असं कळलं म्हणून मी गेले, आणि तिथं हे निळं धूड दिसलं, ऑर्गनसारख्याच पट्ट्यांचा सिंथेसायझर. अंगभर नॉब. मला वाटलं, बाहेर एवढं आहे तर आत किती असेल. विकणारा बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, 'ताई, हे जुन्या मशिनांची नक्कल करणारं नवं मशीन आहे. पूर्वी कपाटाएवढं सामान लागायचं, तारांचं जंजाळ असायचं, ते सगळं आत कॉम्प्युटरनं भासवलेलं आहे. पण यात सनई नाही, बासरी नाही, ठेका नाही. आवाज तुमचा तुम्हाला घडवावा लागेल.' मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घेऊन आले. कळलं होतं डोंबल.

घरी मामानं त्याच्याभोवती चारी बाजूंनी फेरी मारली. 'ह्याच्यात ढोलकी कुठं हाय?' नाही, मी म्हटलं. 'बासरी?' नाही. 'मग हाय काय, निस्ती बटनं?' मी एक पट्टी दाबली तर उसाच्या ट्रकनं भोंगा द्यावा तसा आवाज निघाला आणि शेजारची कुत्री भुंकायला लागली. मामा हसून लोटपोट. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तू भाकरी थापत होतीस. परातीतला हात तसाच चालू ठेवून म्हणालीस, 'त्याच्यात काई न्हाई ते बरंच हाय. नवी सून आली म्हनायची घरात. तिला आपलं वळन लावू.' एवढ्या एका वाक्यावर मी ते मशीन परत केलं नाही. बघ, तुझं हे वाक्य मला कसं अक्षर न् अक्षर पाठ आहे.

मशीन आपण स्वयंपाकघरातच ठेवलं, कारण घरात धड चालणारा प्लग तेवढाच. पिठाच्या डब्याशेजारी लाकडी टेबल, त्यावर ते, आणि चुलीचा धूर लागू नये म्हणून त्याच्यावर तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. हळूहळू माझा हात बसला. एक नॉब असा होता की तो फिरवला की आवाजाचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मिटलं की सूर 'ऊ' म्हणायचा, उघडलं की 'आ'. आणखी एक होता, त्यानं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यायचं, तू जायचीस तसं. जुन्या ऑर्गनवर हे कधी जमलं नव्हतं. त्याचा प्रत्येक सूर आपापल्या खोलीत कडी लावून बसलेला. मी नॉब फिरवायचे आणि तू चुलीपुढून सांगायचीस. 'नाकातनं येतंय.' मी फिरवते. 'आता घशात आडकलं, पोटात आन.' मी आणखी फिरवते. तू तव्यावरची भाकरी उलटतेस, कान इकडे. 'हां. आता बाई वाटतीय. पन लई तरनी हाय, लगीन व्हायचंय तिचं अजून.' कोरसच्या बायकांना तू असंच शिकवायचीस, त्यांचा घसा म्हणजे जणू तुझ्या घरातली खोली असल्यासारखं. त्या दिवसांत मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर कधीच झाले नाही, हे आता लिहून टाकते.

मग धम्मचक्र दिनापासून कार्यक्रम सुरू झाले, आणि थंडी पडता पडता तुझा आवाज बसायला लागला. तू म्हणालीस हवा बाधली. मावशी म्हणाली हळद घालून दूध पी. मावशी म्हणजे कोरसमधली आपली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तुझी सावलीच. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. खालचे सूर ठीक यायचे, पण वर चढताना मध्येच आवाज गायब व्हायचा, पायरी नसलेल्या जिन्यावर पाय पडावा तसा. आणि इथं, आई, मी ते केलं. तुझा वरचा सूर सुटतोय असं दिसलं की मी खालून मशीनचा सूर सरकवायचे. चुलीपुढं तूच घडवलेला तो बाईचा आवाज. तुझा सूर जिथं संपायचा तिथं तो हलकेच सुरू व्हायचा, घसरत वर जायचा आणि तू पुढच्या ओळीवर आलीस की मी तो काढून घ्यायचे. लोकांना पत्ता लागायचा नाही. लोकांचं सोड, तुलाही लागायचा नाही. मला त्याचा गर्व वाटायचा.

राहुरीच्या पलीकडे विहारासमोरच्या मैदानात सामना होता. समोरासमोर दोन स्टेज, त्या पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा आणि आपण गाण्यातूनच उत्तर द्यायचं. शेवटच्या उत्तराला तू काळी चारवरून, तुझ्या नेहमीच्या पट्टीवरून, उठलीस आणि वर जाऊन तो लांब सूर धरलास, आणि तो फुटला. मी पाहिलं, तुझ्या मानेची शीर ताणली गेली आणि तोंडातून नुसती हवा निघाली. मी आवाजाचं तोंड पूर्ण उघडलं. सूर मैदानभर फिरला. शिट्ट्या, टाळ्या, आणि समोरच्या पार्टीचे म्हातारे शाहीर उभे राहून तुला हात जोडून जयभीम घालतात. तू त्यांना उलट जयभीम घालतेस. मी नॉबवरचा हात काढते आणि मामाकडे बघून डोळा मारते. येताना टेम्पोत सगळ्या बायका चेकाळून गात होत्या, तू एकटी गप्प होतीस.

दुसऱ्या दिवशी मी चहा पीत होते. तू समोर येऊन बसलीस. 'काल माजा सूर फुटला व्हता का?' मी म्हटलं, थोडासा. 'मग लोकांस्नी का न्हाई कळलं?' मग तू त्या मशीनकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा असा झाला की मी कप खाली ठेवला. 'फुटला तर फुटू द्यायाचा. बाई थकली, हे चार लोकांस्नी कळाय पायजे. तू झाकाय कशाला गेलीस? तिथं मला बी वाटलं, लागला बरं का सूर. घरी येऊन बगते तर काईच न्हाई.' तू मला त्याआधी एवढं कधी बोलली नव्हतीस. मी म्हटलं, बरं, नाही करणार. आणि पुढच्या चार कार्यक्रमांत मी तेच केलं. फक्त जरा हळू, तुझ्याही कानाला लागू नये इतकं हळू. टाळ्या मला हव्या होत्या. तुझ्यासाठी हव्या होत्या असं मी स्वतःला सांगत होते, पण मला हव्या होत्या.

नगरच्या डॉक्टरांनी तुझ्या घशात आरसा घालून बघितलं. विचारलं, मिशरी लावता का? तू 'हो' म्हणून मान हलवलीस. किती दिवस झाले आवाज बसून? तू म्हणालीस, महिनाभर. मी म्हणाले, सहा महिने. त्यांनी चष्मा काढला. 'सहा महिने? आणि तुम्ही म्हणता या स्टेजवर गातात. कुणाच्याच लक्षात आलं नाही?' मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यावर बाळाचं चित्र होतं, गुटगुटीत. पुढं पुण्याचं मोठं हॉस्पिटल, तुकडा काढून तपासणी, आणि मग तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. बोलणंही जाणार का, मामानं विचारलं. ते म्हणाले, हो. आणखी आधी आला असतात तर कदाचित नुसत्या किरणांच्या शेकानं भागलं असतं. 'कदाचित' हा शब्द मी तेव्हापासून कुणाच्या तोंडून ऐकला की मला त्या माणसाचा राग येतो.

ऑपरेशनला आठ दिवस होते. आठ दिवस, आई. धड डोक्याच्या माणसानं काय केलं असतं? तुझ्यापाशी बसलं असतं. कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून तुला बोलतं केलं असतं. मामानं तर विचारलंही, 'टेप आनू का कुनाचा मागून?' मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, टेपवर हा घोगरा आवाज येईल, मला हिचा खरा आवाज काढायचाय. पार्टीच्या जुन्या कॅसेटी होत्या, पण त्यांत तुझ्यापेक्षा लोकांच्या शिट्ट्याच जास्त. माझ्या डोक्यात एकच भूत, की हे मशीन नक्कल करायलाच बनवलंय, तर मग तुझी का नाही करणार? क्लासमधून सुट्टी घेतली आणि सकाळी उठले की टेबलापाशी.

त्यातले सहा दिवस मी तुला 'आ' म्हणायला लावलं. तू खाटेवर, गळ्याभोवती मफलर, मी मशीनपाशी. आ म्हण. तू म्हणायचीस, खोकायचीस. परत म्हण. तुझ्या आवाजात वर चढताना एक बारीक चीर पडायची, कापड फाटायच्या आधी कुरकुरतं तशी. मला ती चीर हवी होती. दोन सूर घेऊन एकाला किंचित खोटं केलं की थोडी यायची, जास्त केलं की मधमाश्यांचं मोहोळ व्हायचं. आणखी एकदा, आई. तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते दुखण्याचं होतं की कशाचं, मी बघितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू म्हणालीस, 'बस की जरा माज्यापाशी. मला तुला एक सांगायचंय.' मी म्हटलं, सांग ना, पण आधी आ. तू आ म्हणालीस. मग तुला ढास लागली आणि सांगायचं राहून गेलं. नंतर एकदा परत म्हणालीस, 'ऐकतीस का?' मी म्हटलं, ऐकतेच आहे की, दिवसभर दुसरं काय करतेय? तू हसलीस. खरं म्हणजे मी तुझा आवाज ऐकत होते, तुला ऐकतच नव्हते. एवढी साधी गोष्ट कळायला मला तुझं मरण बघावं लागलं, इतकी मी मठ्ठ.

निघायचा दिवस. जीप साडेनऊला आली. मामा आणि मावशी तुझ्याबरोबर जाणार होते. मला दुसऱ्या दिवशी मुलींची टायपिंगची परीक्षा होती, ती उरकून दुपारच्या एसटीनं मी पुण्याला यायचं असं ठरलं होतं. ऑपरेशनला अजून दोन दिवस होते, म्हणजे भरपूर वेळ होता. आळीतल्या बायका तुला भेटायला जमलेल्या, घरात कालवा, म्हणून मी हेडफोन लावून बसले. आणि नेमका त्याच वेळी तो आला. तुझा 'आ'. चिरेसकट. पण दहाला लाईट जायची, रोजची वेळ, आणि बटण दाबून साठवला नाही तर लाईट गेल्याबरोबर तो कायमचा पुसला जाणार होता. मशीन विचारत होतं कुठल्या नंबरावर ठेवू, आणि घाबरल्यामुळे मला ते नीट जमत नव्हतं. तेवढ्यात दारात उजेड अडला.

तू उभी आहेस. पांढरं लुगडं, निळा काठ, हातात कापडी पिशवी, गळ्यावर रुमाल. तू बोलते आहेस. ओठ हलताना मला दिसतात, डोळ्याच्या कोपऱ्यातून. ते 'येते' एवढंच नव्हतं. ते लांब होतं, मध्ये तू एकदा थांबून दम घेतलास आणि पुढचं बोललीस. मी हात वर केला. एक मिनिट. तू थांबलीस. मग एकदा मान हलवलीस, जणू माझं उत्तर मिळालं, आणि वळलीस. मी बटण दाबलं. आवाज साठवला गेला. काही क्षणांत लाईट गेली. हेडफोन काढले तेव्हा जीपचा हॉर्न मनमाड रोडच्या वळणावर वाजत होता. मी पळत जाऊ शकले असते. रस्त्याला म्हशी आडव्या आल्या होत्या, जीप तिथं दोन मिनिटं तरी उभी होती, हे मला नंतर मामानं सांगितलं. मी गेले नाही. उद्या भेटणारच आहे, विचारू, असं म्हटलं आणि चहा टाकला.

त्याच संध्याकाळी तुझा श्वास अडला. घसा आतून बंद होत आला होता, डॉक्टरांनी घाईघाईनं गळ्याला भोक पाडून नळी बसवली. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात आले तर तू उशीला टेकून बसलेली, आणि मला बघून तू तोंड उघडलंस, आणि नळीतून नुसती हवा सुटली, कुकरची सुटते तशी. मी मामाला बाहेर नेऊन विचारलं, जीपमध्ये काय बोलली? तो म्हणाला, 'गप्पच व्हती गं. दम लागत व्हता. निस्तं खिडकीतनं बगत व्हती.'

ठरल्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर तू दीड वर्ष काढलंस. भीमजयंतीला कार्यक्रम ठेवला, मावशी आणि बायका गाणार, तू पहिल्या रांगेत खुर्चीवर. मी कुणाला न सांगता ठरवलं होतं, तुझ्या गाण्यात तुझ्या आलापाच्या जागी मी तो साठवलेला आवाज वाजवणार. मला वाटलं तुला भेट देतेय. मी वाजवला. आपल्या आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, त्यांना वाटलं तूच. तू उठलीस. स्टेजच्या पायऱ्या चढून आलीस, लोकांना वाटलं नमस्कार करायला येतेय. माझ्याजवळ आलीस आणि आवाज कमी-जास्त करायचा नॉब चिमटीत धरून शेवटपर्यंत खाली नेलास. मग मावशीकडे बघून हातानं 'गा' म्हणालीस. मावशी बिचारी बेसूर, त्यात रडू आवरेना, पण गायली. तू माझ्या शेजारीच उभी राहिलीस, नॉबवर बोट ठेवून, गाणं संपेपर्यंत. मला वाटतं तुझा राग नव्हता त्यात. मला नक्की माहीत नाही.

तू गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून तुझे ओठ करून बघितले. सुरुवातीला ओठ मिटले होते, एवढं मी शपथेवर सांगू शकते. म्हणजे प, ब किंवा म. पोरी? बाय? 'मामाला'? 'मशीन'? की 'पिठाचा डबा झाकून ठेव', कारण तू जाता जाता तेही म्हणू शकत होतीस. मी नोकरीवर, भाजी निवडताना, एसटीत खिडकीला बसून ओठ हलवत राहायचे. एकदा समोरच्या बाईनं विचारलं, काय जप करता का? मशीन अजून चालतं. नंबर तोच आहे. दाबलं की 'आ' येतो, चिरेसकट, अगदी तुझा. त्याच्या पुढे काही येत नाही. इतके नॉब फिरवून मी तुझा एक 'आ' मिळवला आणि तुझं बोलणं घालवलं. कधी कधी मला ते कुऱ्हाडीनं फोडावंसं वाटतं, आणि मग वाटतं, त्याचा काय दोष, त्यानं सांगितलं तेवढंच केलं.

मावशी त्या दिवशी तुझ्या मागे दोन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं असणार. इतकी वर्षं मी तिला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मी ऐकलं नाही हे कबूल करायचं, आणि आळीत सगळ्यांना हेच माहीत होतं की लेकीनं आईसाठी जिवाचं रान केलं. मागच्या महिन्यात कळलं की तिचं आता काही खरं नाही, तेव्हा कुठे मी राहुरीला तिच्या मुलाकडे गेले. ती बाजेवर पडली होती, डोळे मोठे झालेले. मी तिचा हात धरून विचारलं. दोनदा विचारावं लागलं, ऐकायला कमी येतं तिला. ती म्हणाली, 'मी कशाला ऐकू? मायलेकीचं बोलनं. मी तोंड फिरवून उभी व्हते.' मग तिनंच विचारलं, 'का गं? तुला म्हनली ना ती. तुला ठावं नसंल का?' मी म्हटलं, आहे, आहे ठाऊक, सहज विचारलं. आणि तिच्या सुनेनं दिलेला चहा पिऊन स्टँडवर आले. गाडी लागलेली होती, मी चढले नाही, बाकावर बसून राहिले. आता विचारायला कुणी उरलं नाही.

म्हणून हे लिहिलं. पाठवायचं कुठं, हे विचारू नकोस. लिहून झालं की घडी घालून लुगड्याच्या तुकड्याखाली ठेवीन, नाहीतर चुलीत घालीन. आता चूल नाही, गॅस आहे, म्हणजे तेही धड जमायचं नाही. पण एक राहिलंय, ते मी मामाला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि या पत्रातही इतका वेळ टाळत आले.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी नर्सनं तुला पाटी-पेन्सिल दिली. साक्षरता वर्गात गिरवलेली तुझी अक्षरं, मोठी मोठी, एकेक हातभर. पहिलंच तू काय लिहिलंस, तर 'मी बोल्ले ते आयकल ना'. तेव्हा मी सांगू शकत होते. तुला लिहिता येत होतं, तू पुन्हा लिहिलं असतंस, दहा ओळी लागल्या असत्या तरी लिहिलं असतंस. पण तू इतक्या आशेनं बघत होतीस, आणि मला त्या हेडफोनची इतकी लाज वाटली, की मी मान हलवली. हो. तू पदरानं पाटी पुसलीस आणि आणखी एक शब्द लिहिलास. 'करशील'. मी म्हटलं, हो, करीन. तू पाटी बाजूला ठेवलीस आणि शांत झोपलीस, किती दिवसांनी. नंतर तुला वाटलं असेल, हिला सांगून झालंय, ही करील. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

म्हणून मी सगळंच करत सुटले. मामाला शेवटपर्यंत सांभाळलं, पार्टी मोडू दिली नाही, तू होकार दिलेल्या घरात लग्न केलं, आळीतल्या चार पोरींना गायला शिकवलं, लोक म्हणतात बाई किती करते. आई, त्यातलं एखादं तरी तू सांगितलेलं होतं का, मला माहीत नाही. मी तुला करीन म्हणाले, आणि काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.